तिसरीचा गणिताचा निकाल ६८ वरून ५४ टक्क्यांवर आला: निकाल वाचायचा कसा आणि करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राथमिक शाळा, तिसरीत ५० मुलं. वर्षाअखेरच्या प्रमाणित चाचणीत गणितात 'अपेक्षित पातळी' गाठणारी मुलं गेल्या वर्षी ६८ टक्के होती, यंदा ५४ टक्के आहेत. त्याआधीच्या दोन वर्षांचे आकडे ५७ आणि ६०. सरासरी स्केल स्कोअर (कच्चे गुण एका ठरावीक मोजपट्टीवर बसवून काढलेला आकडा) ४११ वरून ४०७ झाला. पातळी गाठायला ४०० लागतात. पालक विचारतायत की शिकवणं बिघडलं का, आणि मुख्याध्यापकांच्या मनात दर आठवड्याला एक सराव चाचणी घ्यायचं आहे.

आधी टक्के बाजूला ठेवा आणि मुलं मोजा. ५० चे ६८ टक्के म्हणजे ३४ मुलं, ५४ टक्के म्हणजे २७. फरक सात मुलांचा आहे, आणि तोही दोन वेगळ्या तुकड्यांमधला. गेल्या वर्षीची मुलं चौथीत गेली, ही नवी आहेत. एवढ्या लहान वर्गात एक मूल म्हणजे दोन टक्के. दोन तुकड्यांच्या टक्केवारीतल्या या फरकाची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने तो साधारण किती हलू शकतो) काढली तर ती साडेनऊ-दहा टक्क्यांच्या आसपास येते. याचा सरळ अर्थ असा की शिकवण्यात तसूभरही बदल न करता, नुसती तुकडी बदलल्यामुळे, साधारण सात वेळांतून एकदा एवढा किंवा याहून मोठा चढ-उतार दिसू शकतो. आता चारही वर्षं एका ओळीत मांडा: ५७, ६०, ६८, ५४. सरासरी जवळजवळ ६०. वेगळं वर्ष यंदाचं नाही, गेल्या वर्षीचं आहे. ६० टक्के म्हणजे ३० मुलं, आणि यंदा २७ आहेत. तीन मुलांच्या फरकावरून शिक्षिकेला दोषी ठरवणं चूक आहे. गेल्या वर्षी ६८ आल्यावर झालेलं कौतुकही याच न्यायाने थोडं आधीच झालं होतं.

पण म्हणून निकाल कपाटात ठेवून द्यायचा असं नाही. २३ मुलं पातळीखाली आहेत आणि त्या प्रत्येकाला काहीतरी येत नाहीये. पातळी गाठणाऱ्यांची टक्केवारी हा अहवालातला सगळ्यात मोठ्या टाइपात छापलेला आणि सगळ्यात कमी सांगणारा आकडा असतो, कारण तो मधल्या एकाच रेषेकडे बघतो. ३९९ वालं मूल आणि ३३० वालं मूल त्याच्या लेखी सारखंच. तुमची सरासरी फक्त चारने उतरली आणि टक्केवारी चौदाने, यावरूनच दिसतं की बरीच मुलं ४०० च्या अगदी आसपास दाटलेली असणार. पन्नास स्कोअर चढत्या क्रमाने एका कागदावर लिहा आणि ३९० ते ४१० मध्ये किती आहेत ते मोजा.

त्या पट्ट्यात कुठलंही मूल 'पास' किंवा 'नापास' समजू नका. प्रत्येक स्कोअरला मापनत्रुटी असते (तेच मूल पुन्हा चाचणीला बसलं तर स्कोअर साधारण जेवढा हलेल तेवढी) आणि चांगल्या अहवालात ती छापलेली असते. नसेल तर चाचणीच्या तांत्रिक पुस्तिकेतून विश्वसनीयता (चाचणी किती सातत्याने मोजते, ० ते १ मध्ये) आणि प्रमाण विचलन (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत) घ्या. विचलन ४० आणि विश्वसनीयता ०.९१ असेल तर त्रुटी ४० गुणिले (१ वजा ०.९१) चं वर्गमूळ, म्हणजे ४० गुणिले ०.३, म्हणजे १२. ३९६ आणि ४०३ मिळवलेल्या दोन मुलांत फरक आहे असं ही चाचणी ठामपणे म्हणूच शकत नाही. कुणाला जादा मदत द्यायची हे या एका स्कोअरवर ठरवू नका. वर्गातलं काम आणि शिक्षिकेचं मत त्याच्या शेजारी ठेवूनच ठरवा.

अहवालात पर्सेंटाइल असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ६२ पर्सेंटाइल म्हणजे ६२ टक्के उत्तरं बरोबर असं नाही. तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या साधारण ६२ टक्के मुलांपेक्षा हे मूल पुढे आहे, एवढंच. शिवाय पर्सेंटाइलची सरासरी काढू नका, कारण त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. ५० वरून ६० ला जायला पाव प्रमाण विचलन पुरतं, ८९ वरून ९९ ला जायला एकाहून जास्त लागतं. तुलनेचा गट कोणत्या वर्षीचा आहे हेही बघा. अमेरिकेत १९८७ मध्ये जॉन कॅनेल नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की पन्नासच्या पन्नास राज्यं आपली प्राथमिकची मुलं राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचं सांगत होती. जुने झालेले मानदंड (तुलनेच्या गटाचे आकडे) आणि वर्षानुवर्षं तीच प्रश्नपत्रिका ही त्याची मोठी कारणं होती. 'इयत्ता समतुल्य' हा आकडा तर पालकांना देऊच नका. तिसरीतल्या मुलीचा आकडा ६.२ आला म्हणजे तिला सहावीचं गणित येतं असं नाही. तिसरीच्या प्रश्नांवर सहावीतल्या सरासरी मुलाला अंदाजे जेवढे गुण मिळतील, तेवढे तिला मिळाले, एवढाच त्याचा अर्थ.

खोलात जाण्याआधी परीक्षेला कोण बसलं ते तपासा. पटावर किती, हजर किती, वर्षाच्या मध्यात आलेली किती? जानेवारीत दाखल झालेल्या पाच मुलांचा स्कोअर तुमच्या वर्षभराच्या शिकवण्याबद्दल फारसं काही सांगत नाही. गेल्या वर्षी कमकुवत मुलं गैरहजर होती का, हेही बघा. तीन मुलं जरी गैरहजर असली तरी टक्केवारी हलते. यंदा चाचणी कागदावरून संगणकावर गेली असेल तर ती नोंद सगळ्यात वर लिहा, कारण तशा दोन वर्षांची तुलना मुळातच सैल असते. जास्त वेळ, मोठा टाइप, प्रश्न वाचून दाखवणं या सवलती ज्यांना मंजूर होत्या त्यांना त्या प्रत्यक्षात मिळाल्या का, हे पर्यवेक्षकाच्या नोंदीत सापडेल.

आता खरं काम. प्रश्नवार उत्तरं मागवा. एका एक्सेल शीटमध्ये आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात प्रश्न, आणि चौकटीत बरोबर-चूक नव्हे तर मुलाने निवडलेला पर्याय भरा: अ, ब, क, ड किंवा रिकामा. मुलं एकूण गुणांनुसार लावा, प्रश्न किती जणांना आले त्यानुसार लावा. पन्नास मुलं आणि चाळीस प्रश्न असतील तर दोन शिक्षकांचं एका दुपारचं काम आहे.

पहिल्यांदा रिकाम्या चौकटी बघा. शेवटचे सहा-सात प्रश्न अनेकांनी सोडले असतील तर तो वेळेचा प्रश्न आहे, त्या घटकांचा नाही. एखाद्या मुलाची उत्तरं मध्यापर्यंत चांगली आणि तिथून पुढे सलग चुकीची असतील, तर एक प्रश्न सोडून उत्तरपत्रिकेवरचे पुढचे सगळे गोल एक घर सरकले नाहीत ना, ते पडताळा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत हे होतं.

मग घटक. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक शाळा करते: सगळ्यात कमी टक्के असलेला घटक म्हणजे आपली कमजोरी, असं धरते. समजा अपूर्णांकांत तुमचे ५२ टक्के आणि हातच्याच्या वजाबाकीत ५६ टक्के. वाटतं, अपूर्णांक कच्चे. पण चाचणी दिलेल्या सगळ्या मुलांचे अपूर्णांकांत ४९ आणि वजाबाकीत ७१ असतील, तर तुमची शाळा अपूर्णांकांत किंचित पुढे आहे आणि वजाबाकीत पंधरा टक्क्यांनी मागे. प्रश्नांची काठिण्यपातळी घटकागणिक वेगळी असते, म्हणून तुलना नेहमी त्याच प्रश्नांवरच्या एकूण निकालाशी करायची. आणि घटकात सहाच प्रश्न असतील तर एका मुलाचा 'घटकगुण' एका प्रश्नाने १७ टक्के हलतो. वर्गासाठी तो आकडा वापरता येतो, एकेका मुलासाठी नाही.

घटक सापडला की चुकीचे पर्याय वाचा. चाचणीचं खरं सोनं इथे आहे, आणि निकालाच्या बैठकीत नेमकं याच्यावर कुणी बोलत नाही. एक उदाहरण घेऊ: ४०३ − १७८, पर्याय २२५, ३७५, ३२५, ५८१. समजा २८ मुलांनी २२५ निवडलं, पाच जणांनी ३७५, चौदा जणांनी ३२५ आणि तिघांनी ५८१. चूक एकच दिसते, पण ती तीन वेगळ्या प्रकारच्या मुलांची आहे. ३७५ वाले प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतात: ८ मधून ३ गेले ५, ७ मधून ० गेला ७, ४ मधून १ गेला ३. यांना दशक सुटा करणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही. ५८१ वाल्यांनी बेरीज केली. चिन्ह नीट न बघता उत्तर काढायची सवय. चौदा जणांचा ३२५ वाला गट सगळ्यात महत्त्वाचा. यांना हातचा येतो. एककात १३ वजा ८ बरोबर ५ लिहिले. दशकातल्या शून्याचे ९ केले, ९ वजा ७ बरोबर २. पण ते ९ आले कुठून याचा विचार झाला नाही, त्यामुळे शतकातले ४ तसेच राहिले: ४ वजा १ बरोबर ३. 'शून्य आलं की नऊ करायचे' ही युक्ती पाठ आहे, तिच्यामागची देवघेव नाही.

या चौदा जणांना वजाबाकीची आणखी चाळीस उदाहरणं दिली तर तीच चूक चाळीस वेळा पक्की होईल. त्यांना सुट्या काड्या, दहाचे गठ्ठे आणि शंभराचे गठ्ठे द्या. ४०३ मधला एक शंभराचा गठ्ठा सोडायला लावा. आता ३ शतक, १० दशक, ३ एकक. त्यातला एक दशक सोडला की ३ शतक, ९ दशक, १३ एकक. हे प्रत्येक वेळी बोलत-बोलत करायचं आणि लगेच शेजारी लिहायचं. दोन तासिका वस्तूंवर, पुढच्या दोन चित्रावर, मग नुसत्या अंकांवर. सोबत पडताळा शिकवा: ३२५ + १७८ = ५०३. उत्तर बरोब्बर शंभराने जास्त येतं, आणि तो न सुटलेला शतक मुलांना स्वतःला सापडतो. अंदाजही घ्यायला लावा. ४०० मधून १८० गेले तर २२० च्या आसपास उरायला हवेत, ३२५ कसे उरतील? आठवड्याने ६०२ − ३४७ आणि ८०५ − २९६ द्या. पहिल्याचं उत्तर २५५ ऐवजी ३५५ आलं, तर जुनी चूक अजून तिथेच आहे.

बऱ्याच चाचण्यांचे प्रश्न गोपनीय असतात, शाळेला फक्त घटकांचे गुण मिळतात. तेव्हा त्या घटकावर दहा-बारा प्रश्नांची स्वतःची पत्रिका काढा, पर्याय न देता, आणि कच्चं काम त्याच कागदावर करायला सांगा. तरीही कोडं सुटलं नाही तर मुलाला शेजारी बसवून एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही आलेखात नसतं.

गणिताचा निकाल घसरण्यामागे वाचन असू शकतं, हे तिसरीत विशेष तपासायला हवं. तपासायची पद्धत सोपी आहे. सहा उदाहरणं घ्या. एकदा नुसत्या अंकांत द्या, काही दिवसांनी आकडे बदलून शाब्दिक स्वरूपात, आणि नंतर तशीच शाब्दिक उदाहरणं तुम्ही वाचून दाखवा. अंकांत बरोबर, स्वतः वाचून चूक, ऐकून बरोबर: अडचण वाचनाची आहे. अंकांत बरोबर आणि ऐकूनही चूक: कोणती क्रिया करायची हे कळत नाही. दुसऱ्या प्रकारातली बरीच मुलं 'खुणेचे शब्द' शिकवल्यामुळे घडलेली असतात. 'एका डब्यात २४ मणी आहेत. ते दुसऱ्या डब्यातल्या मण्यांपेक्षा ९ ने जास्त आहेत. दुसऱ्या डब्यात किती?' 'जास्त' दिसलं की बेरीज, असं शिकलेलं मूल ३३ लिहितं. उत्तर १५ आहे. या मुलांना आधी चित्र काढायला लावा: दोन पट्ट्या, कोणती लांब, किती लांब. आकडेमोड त्यानंतर.

वाचनाची अडचण निघाली तर एका मिनिटात किती शब्द अचूक वाचले हे अनोळखी, इयत्तेच्या पातळीच्या उताऱ्यावर मोजा, तीन उतारे घ्या आणि मधला आकडा धरा. दुसऱ्या भाषेतली प्रमाणं इथे लावू नका. शब्दांची लांबी आणि लिपी वेगळी असली की 'मिनिटाला इतके शब्द' हा आकडा जुळत नाही. आपल्याच शाळेतल्या चांगल्या वाचणाऱ्या मुलांचा आकडा हा जवळचा मापदंड.

मदतीचं वेळापत्रक: तीन-चार मुलांचा गट, सगळ्यांची चूक एकाच जातीची. आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी ३० मिनिटं, सलग दहा आठवडे, आणि शक्यतो तीच शिक्षिका. हा वेळ गणिताच्या मूळ तासातून कापू नका, नाहीतर जे मूल आधीच मागे आहे त्याचा नवा धडाही बुडतो. प्रत्येक बैठकीची सुरुवात जुन्या घटकांवरच्या तीन-चार प्रश्नांनी करा, वही न उघडता. दर दोन आठवड्यांनी आठ प्रश्नांची छोटी तपासणी घ्या आणि वहीत आकडा टाका. सलग तीन तपासण्यांत हालचाल नसेल तर पद्धत बदला. त्याच पद्धतीचे तास वाढवून उपयोग होत नाही.

या मदतीने फायदा झाला का, हे बघताना एक सापळा आहे. अगदी खालच्या दहा मुलांचा गट निवडला तर पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी काहीही न करता थोडी वर येतेच, कारण त्यांतल्या काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. सरासरीकडे परतण्याचा हा नियम फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये उंचीच्या आकड्यांवर मांडला होता, गुणांना तो तसाच लागू पडतो. म्हणून तुमच्या गटाची प्रगती मदत न मिळालेल्या, पण तेवढेच गुण असलेल्या मुलांशी ताडून बघा. तशी मुलं नसतील तर निदान दोन वेगवेगळ्या चाचण्यांवर खाली असलेली मुलंच निवडा.

साप्ताहिक सराव चाचण्यांना माझा स्पष्ट विरोध आहे, आणि कारण हिशोबाचं आहे. एक चाचणी आणि तिच्यावरची चर्चा मिळून दोन तासिका जातात. तीस आठवड्यांत साठ तासिका. आठवड्याला गणिताच्या सहा तासिका असतील तर हे दहा आठवड्यांचं शिकवणं झालं. ज्याला हातचा कळलेला नाही त्याला चाचणी तो शिकवत नाही, फक्त पुन्हा एकदा चुकवते. दोन पूर्ण चाचण्या पुरतात: एक साधारण सहा आठवडे आधी, दुसरी दोन आठवडे आधी. पहिलीचा उद्देश प्रश्नांच्या स्वरूपाची ओळख, दुसरीचा वेळेचा अंदाज. संगणकावर चाचणी असेल तर उतारा खाली सरकवणं, ओढून जागेवर ठेवायचे प्रश्न, उत्तर बदलणं एवढं हाताखालून गेलेलं असावं. कच्च्या कामासाठी कागद देऊन तो वापरायची सवय लावा. पडद्यावर बघून मुलं मनातच आकडेमोड करतात आणि येणारी उदाहरणंही चुकवतात.

आणखी एक मोह टाळा: ३९० ते ३९९ मधल्या मुलांना निवडून फक्त त्यांनाच ढकलत रेषेपार नेणं. अमेरिकेत २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने शाळांचा न्याय पातळी गाठणाऱ्यांच्या टक्केवारीवर व्हायला लागला, तेव्हा कित्येक शाळांनी नेमकं हेच केलं. आकडा सुधारतो, ३३० वाल्या मुलाकडे मात्र कुणाचं लक्ष राहत नाही, आणि सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा बिघडत जातो आणि ज्या गोष्टीचं मोजमाप करायचं तिलाही बिघडवतो, असं अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. त्याचं टोक अमेरिकेतल्या अटलांटा शहरात दिसलं. २००९ च्या चाचणीची चौकशी झाली आणि २०११ च्या अहवालात तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळल्याचं नमूद झालं. संशयाची सुरुवात उत्तरपत्रिकांवर खोडून बरोबर केलेल्या उत्तरांच्या असाधारण संख्येपासून झाली होती. 'काहीही करून पुढच्या वर्षी ७० टक्के आणा' असं लक्ष्य कुणी ठेवलं तर त्याला पहिल्याच बैठकीत नकार द्या.

पालकसभेत चार वर्षांचे आकडे एकत्र दाखवा, मुलांच्या संख्येसकट. मग नेमकं सांगा, उदाहरणार्थ: शून्य असलेल्या संख्यांची वजाबाकी आणि तुलनेची शाब्दिक उदाहरणं कच्ची निघाली, अमुक तारखेपासून इतक्या मुलांचे गट सुरू होतील, दर दोन आठवड्यांनी घरी आकडा कळेल. एकाही मुलाचं नाव किंवा स्कोअर सभेत घेऊ नका.

पुढच्या वर्षी नव्या तिसरीकडे बघण्याआधी याच पन्नास मुलांचा चौथीचा निकाल काढा. दोन्ही इयत्तांचे स्कोअर एकाच सलग स्केलवर असतील तर थेट वजाबाकी करा. नसतील तर प्रत्येक वर्षी एकूण सरासरीपासूनचं अंतर प्रमाण विचलनात मोजा. यंदा सगळ्यांची सरासरी ४१० आणि विचलन ४० असेल, तर तुमचे ४०७ म्हणजे उणे ०.०८. चौथीचं स्केल वेगळं, समजा सरासरी ५०० आणि विचलन ५०, आणि तुमची मुलं ५०४ वर आली, तर अधिक ०.०८. मध्येच शाळा सोडून गेलेली आणि नव्याने आलेली मुलं या हिशोबातून दोन्ही वर्षांत वगळा.